१५ इंची स्पीकर म्हणजे जास्त बेस, हे खरं नाहीये

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच सांगितलं जातं, की १० इंची स्पीकर पंचसाठी (म्हणजे ठोसेदार, नेमक्या आवाजासाठी) आणि खालचा दणदणीत बेस हवा तर १५ इंचीच घ्या. मनापासून सांगतो, नुसत्या इंचांवरून हे ठरतच नाही. खालचा आवाज किती येणार हे कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या खोक्याच्या, आतली जागा, पोर्टचं (खोक्याला ठेवलेल्या हवेच्या भोकाचं) ट्यूनिंग, स्पीकरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) किती मागेपुढे हलू शकतो आणि एकूण किती हवा ढकलली जाते यावर असतं. चार १० इंची कोनचं क्षेत्रफळ एका १५ इंचीच्या पावणेदोन पट भरतं, मग हवा कोण जास्त हलवणार सांगा! अँपेग कंपनीचा १९६९ चा ३०० वॅटचा एसव्हीटी नावाचा बेस अँप (अँप्लिफायर) तर आठ १० इंची स्पीकरांच्या कॅबिनेटबरोबरच गाजला, आणि तो काय पातळ आवाजाचा होता का?

वॅटचंही तसंच, दुप्पट वॅट घेतले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये ते किती मोठा आवाज देतं) आधी बघा, शिवाय कॅबिनेटचे ओहम (विजेला होणारा अडथळा) अँपच्या किमान ओहमपेक्षा कमी नकोत, नाहीतर अँप जळू शकतो. आणि हो, ऐकताना बँडबरोबर वाजवूनच ऐका, कारण खोलीत एकटा भारी वाटणारा आवाज स्टेजवर ड्रमखाली गडप होतो.