तव्याएवढा रेणू

बिडाच्या भांड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्याला साबण लावायचा नाही, मुरलेलं तेल निघून जातं." सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणारा पुढची दहा वर्षं तवा नुसता पुसून ठेवतो. हे वाक्य एके काळी खरं होतं, आज ते जवळजवळ खोटं आहे. मधल्या काळात बीड बदललं नाही आणि तेलही बदललं नाही, बदलला तो साबण. त्याने एवढा फरक का पडावा, हे कळण्यासाठी तव्यावरचं ते काळं, किंचित चकाकणारं अस्तर नेमकं कशाचं असतं ते आधी पाहावं लागेल.

चांगल्या मुरलेल्या, धुऊन वाळवलेल्या तव्यावर बोट फिरवा. हाताला तेल लागत नाही. कागद दाबला तर डाग पडत नाही. म्हणजे तिथे तेल उरलेलंच नाही. जे आहे त्याचं सगळ्यात जवळचं नातं तैलरंगाच्या वाळलेल्या थराशी आहे. चित्रकार रंगद्रव्य जवसाच्या तेलात खलतात, कॅनव्हासवर लावतात आणि काही दिवसांत ते कोरडं होतं. त्याला आपण 'वाळणं' म्हणतो खरं, पण कपडा वाळतो तसं त्यातून काही उडून जाऊन हे घडत नाही. उलट जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन पिऊन घेतं आणि त्याचं वजन १० टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढतं. फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ साली ज्या लिनोलियमचं पेटंट घेतलं, ती जमिनीवर अंथरायची लादी याच गुणावर उभी होती. तव्यावर हीच क्रिया होते, फक्त उष्णतेमुळे दिवसांचं काम तासाभरात उरकतं.

कुठल्याही खाद्यतेलाचा रेणू साधारण तीन पायांच्या तिवईसारखा असतो. वर ग्लिसरॉलचा छोटा तुकडा आणि त्याला जोडलेले मेदाम्लांचे तीन लांब पाय. प्रत्येक पायात बहुधा १६ किंवा १८ कार्बन अणूंची साखळी असते. साखळीत सगळे एकेरी बंध असतील तर ते संपृक्त मेदाम्ल. एक दुहेरी बंध असेल तर ते बहुतेक वेळा ओलेइक आम्ल, दोन असतील तर लिनोलेइक आणि तीन असतील तर लिनोलेनिक. इतपत शाळेत झालेलं असतं. खरी गोम पुढे आहे: महत्त्व दुहेरी बंधाला जितकं, त्याहून जास्त दोन दुहेरी बंधांच्या मध्ये अडकलेल्या कार्बनला आहे.

लिनोलेइक आम्लाचे दोन दुहेरी बंध शेजारी-शेजारी नसतात, त्यांच्या मध्ये एक कार्बन असतो. त्या कार्बनवरचा हायड्रोजन फारच सैल धरलेला असतो. साध्या संपृक्त साखळीतला हायड्रोजन उपटायला मोलमागे साधारण ४१० किलोज्यूल ऊर्जा लागते. एका दुहेरी बंधाच्या शेजारचा साधारण ३६० मध्ये निघतो. दोघांच्या मधला मात्र ३२० च्या आसपासच सुटतो, कारण तो गेल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंच्या दुहेरी बंधांवर पसरून निवांत बसू शकतो. असा एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. हा मूलक हवेतल्या ऑक्सिजनला क्षणात पकडतो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. पेरॉक्सी मूलक शेजारच्या पायातला तसाच सैल हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होतो. पण ज्याचा हायड्रोजन गेला तो आता मूलक झाला! तो पुन्हा ऑक्सिजन पकडतो, पुन्हा शेजाऱ्याला लुटतो. एका ठिणगीने सुरू झालेली ही साखळी बराच काळ चालू राहते. ओलेइकच्या तुलनेत लिनोलेइक दहा-बारा पट वेगाने यात उतरतं आणि लिनोलेनिक त्याच्याही साधारण दुप्पट वेगाने, कारण त्याच्याकडे अशा मधल्या जागा दोन असतात.

आता लोखंडाचं काम. इथे तवा नुसतं तेल धरून ठेवणारं भांडं राहत नाही, तो या क्रियेत भाग घेतो. बिडाच्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो आणि त्यातलं लोह दोन रूपांत वावरतं, फेरस आणि फेरिक. फेरस लोह एका हायड्रोपेरॉक्साइडला फोडून मूलक मोकळा करतं आणि स्वतः फेरिक होतं. फेरिक लोह दुसऱ्या हायड्रोपेरॉक्साइडला फोडून आणखी एक मूलक मोकळा करतं आणि परत फेरस होतं. स्वतः न संपता ते साखळीला नवनव्या ठिणग्या पुरवत राहतं. रंगाच्या धंद्यात हेच काम कोबाल्ट आणि मँगनीजच्या क्षारांकडून करून घेतात, त्यांना 'ड्रायर' म्हणतात. लोहाचे ड्रायरही असतात, पण ते मुख्यतः भट्टीत भाजून पक्क्या करायच्या लेपांसाठी, कारण थंडपणी लोह या कामात आळशी आहे. गरम झालं की चांगलं चालतं. तव्याला तापवण्याचं हे एक मोठं कारण.

मूलक कधी ना कधी एकमेकांना भेटतात, आणि भेटले की जुळतात. एका तिवईचा पाय दुसऱ्या तिवईच्या पायाला चिकटतो: कधी कार्बन-कार्बन असा थेट, कधी मध्ये एक ऑक्सिजन घेऊन, कधी दोन. दोन ऑक्सिजनचे सांधे कच्चे असतात, चढत्या तापमानाला तुटतात. पहिले दोन प्रकार टिकतात. प्रत्येक रेणूला दोनच जोडणीच्या जागा असत्या तर नुसत्या लांब माळा तयार झाल्या असत्या. इथे मात्र पाय तीन आहेत आणि एका पायावर एकाहून जास्त सांधे बसू शकतात, म्हणून आडवं-उभं-तिरपं असं जाळं विणलं जातं. जोडण्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की सुटे सुटे रेणू असं म्हणायला फारसं काही उरत नाही. एका काठापासून सुरुवात केली तर बंधांवर पाय ठेवत ठेवत दुसऱ्या काठाला पोचता येतं. तव्यावरचं अस्तर हा खऱ्या अर्थाने एकच रेणू असतो, तव्याएवढा.

साबणाचं कोडं इथे सुटतं. भांडी घासायच्या द्रवातले रेणू तेलाच्या सुट्या रेणूंभोवती जमतात, काही नॅनोमीटरची गोळी करतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. सुटं तेल त्यांना उचलता येतं, पण २५ सेंटीमीटरचा रेणू काही नॅनोमीटरच्या गोळीत कसा मावणार? म्हणून आजचा सौम्य द्रव आणि मऊ घासणी अस्तराला धक्का लावत नाही. उलट वर राहिलेलं, जाळ्यात न अडकलेलं तेलच तेवढं काढतो, आणि ते निघालेलं बरं, नाहीतर ते खवट होतं. जुन्या साबणाची गोष्ट वेगळी होती. चरबी आणि कॉस्टिक सोडा घरच्या घरी शिजवून केलेल्या साबणात बरेचदा मोकळा कॉस्टिक उरायचा. कॉस्टिक जाळ्याच्या आडव्या सांध्यांच्या वाटेला जातच नाही. तिवईचे पाय ग्लिसरॉलला जिथे जोडलेले असतात ते एस्टर बंधच तो कापतो. पायच सुटले तर जाळं विस्कटायला वेळ लागत नाही. जुन्या बिडाच्या भांड्यांचं अस्तर मुद्दाम उतरवायचं असेल तर आजही ती कॉस्टिकच्या पाण्यातच बुडवून ठेवतात. भांडी धुण्याच्या यंत्राची पावडरही बरीच अल्कधर्मी असते आणि वर तासभर गरम पाण्याचा मारा. बीड तिथे टाकू नये हा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

तेल कोणतं घ्यावं? यासाठी रसायनशास्त्रात एक जुना आकडा आहे, आयोडीन मूल्य: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं. जितके दुहेरी बंध तितका आकडा मोठा. खोबरेल साधारण ६ ते ११, ऑलिव्ह ७५ ते ९४, सोयाबीन १२४ ते १३९, साधं सूर्यफूलही त्याच घरात, आणि जवस १७० च्या पुढे. खोबरेलात संपृक्त मेदाम्लं ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणून तवा मुरवायला ते वाईट. यंत्राच्या खनिज तेलात तर दुहेरी बंध जवळपास नसतातच. ते कितीही तापवा, उडून जाईल, जळेल, पण जाळं विणणार नाही.

मग सगळ्यात मोठ्या आकड्याचं जवस सगळ्यात उत्तम, असा निष्कर्ष कुणीही काढेल. इंटरनेटवर तो काढून त्याचा बराच गाजावाजाही झाला. सुरुवातीला तवा आरशासारखा दिसतो हे खरं. काही महिन्यांनी पापुद्रे सुटू लागतात. कारण सांधे फार झाले की जाळं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. हे अस्तर गरम अवस्थेत तयार झालेलं असतं. थंड होताना त्याला लोखंडाच्या कितीतरी पट जास्त आकसायचं असतं आणि खालचं लोखंड त्याला आकसू देत नाही. २५ सेंटीमीटरचा तवा २०० अंशांच्या फरकाने साधारण अर्धा मिलिमीटर लहान-मोठा होतो, आणि रोजच्या वापरात हे रोज घडतं. थोडं लवचीक जाळं ही ओढाताण सोसतं, काचेसारखं जाळं तडकतं. सूर्यफूल किंवा सोयाबीनसारखं मधल्या आकड्याचं, शुद्ध केलेलं साधं तेल रोजच्या तव्याला जास्त टिकतं. सूर्यफुलाच्या बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं असेल तर ती स्वयंपाकाला ठेवा.

प्रत्यक्ष कृतीत सगळ्यात जास्त चुकतं ते तेलाचं प्रमाण, आणि तिथे एक छोटं गणित कामाला येतं. २५ सेंटीमीटर व्यासाच्या तव्याचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटीमीटर. त्यावर एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर तेल पसरलं तर थर सुमारे १०० मायक्रॉनचा होतो, साध्या कागदाएवढा जाड. हे फार झालं. ऑक्सिजन वरून येतो, त्यामुळे वरची साय आधी बांधली जाते आणि खालचं तेल ओलंच राहतं. वरची साय ऑक्सिजन पिऊन फुगते, जागा पुरत नाही, मग सुरकुत्या पडतात. तव्यावर मधासारखे चिकट थेंब आणि ओघळ दिसतात ते हेच. पाव मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा थेंब, पुरे. तेवढ्यात ५ मायक्रॉनचा थर होतो.

तवा साबणाने स्वच्छ धुवा. नवा असेल तर त्यावर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल किंवा मेण असू शकतं, ते गरम पाण्याने नीट काढा. मंद आचेवर पूर्ण वाळवा. कोमट असतानाच तेल आत, बाहेर, मुठीला चोळा आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की तेल चुकून लागलं होतं. ओव्हनमध्ये पालथा ठेवून २३० ते २५० अंश सेल्सिअसला एक तास, मग आतच थंड होऊ द्या. असे तीन-चार थर द्या. खिडकी उघडी ठेवा, कारण ग्लिसरॉलपासून ॲक्रोलीन नावाचा वायू सुटतो आणि डोळे झोंबतात. ओव्हन नसेल तर शेगडीवरही जमतं, पण मधला भाग तापतो आणि कडा मागे राहतात, म्हणून आच मंद ठेवून तवा सरकवत राहावा लागतो.

"धूर निघेपर्यंत तापवलंच पाहिजे, धुराच्या बिंदूखाली काहीच होत नाही" असंही ऐकू येतं. तैलचित्रं खोलीच्या तापमानाला वाळतात, तिथे कुठे धूर असतो? तापमानाने वेग वाढतो, एवढंच. १६०-१७० अंशांना तासाभराने तवा तपकिरी आणि चिकट निघाला तर बिघडलं काहीच नाही, जाळं अर्धवट आहे. परत तापवा. दुसऱ्या टोकाला ओव्हनचा स्वतःला साफ करायचा कार्यक्रम ४५० ते ५०० अंशांपर्यंत जातो आणि त्यात अस्तराची राख होते.

आंबट पदार्थ तासभर उकळले तर आम्ल अस्तराच्या बारीक फटींतून खालच्या ऑक्साइडला पोचतं, तो विरघळवतं आणि अस्तर पायापासून उचकटतं. दहा मिनिटांनी विशेष काही होत नाही. याच वाटेने अन्नात लोह उतरतं, आणि त्यावरून बिडाच्या भांड्याला सर्व रोगांवरचं टॉनिक ठरवणारे संदेश फिरत असतात. लोह उतरतं हे खरं, आंबट आणि ओलसर पदार्थांत जास्त उतरतं हेही खरं. पण तवा जितका छान मुरलेला, तितकं ते कमी. न चिकटणारा तवा आणि भरपूर लोह ही दोन्ही बक्षिसं एकदम मिळत नाहीत. "तापल्यावर लोखंडाची रंध्रं उघडतात आणि तेल पितात" हेही तसंच. धातूला त्वचा नसते. वाळूच्या साच्यात ओतल्यामुळे पृष्ठभाग खरबरीत असतो आणि अस्तर त्या खाचाखोचांत घट्ट बसतं.

गंज चढला तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, जास्तीत जास्त अर्धा तास. त्यापुढे आम्ल गंजाऐवजी लोखंड खायला लागतं. घासा, धुवा, लगेच आचेवर वाळवा आणि तेलाचा पहिला हात तिथल्या तिथे द्या. उघडं बीड काही मिनिटांत पुन्हा नारिंगी होतं.

आणि तेल पुसलेलं ते फडकं. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तव्यावर ती लगेच पसरते, पण चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात कोंडते, त्याने क्रिया आणखी वेग घेते, आणि जवसाच्या तेलाचं फडकं काही तासांत आपोआप पेटू शकतं. सूर्यफुलाला धोका कमी, पण शून्य नाही. फडकं पाण्यात बुडवून टाका, नाहीतर दोरीवर एकेरी पसरून वाळू द्या. ते कडकडीत झालं की समजावं, त्याच्यावरही अस्तर चढलं.