बीड वाळूत का झिरपत नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले बीड, म्हणजे कास्ट आयर्न, वाळूच्या साच्यात ओततात. वाळूच्या कणांमध्ये फटी असतात आणि रस चांगला पातळ असतो. तरी कास्टिंग, म्हणजे साच्यात थिजलेली वस्तू, सहसा साफ निघते, कारण वितळलेले लोखंड वाळूला, म्हणजे सिलिकाला, भिजवत नाही.

लोखंडाचे अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. शुद्ध वितळलेल्या लोखंडाचा पृष्ठताण पाण्याच्या जवळजवळ 25 पट भरतो. सिलिकाची ओढ त्यापुढे दुबळी पडते, म्हणून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा हा रस वाळूवर गोळा होऊन राहतो. फटीत शिरायचे तर त्याला बाहेरून ढकलावे लागते, आणि ते काम रसाचे स्वतःचे वजन करते. कणांमधली फट 0.05 मिलिमीटर त्रिज्येची धरली, तर ढोबळ हिशेबाने साधारण फूटभर उंचीचा रस साचा पेलतो. त्याहून उंच कास्टिंगच्या तळाशी रस वाळूत घुसण्याचा धोका वाढतो. यालाच मेटल पेनिट्रेशन म्हणतात, आणि मग फेटलिंगवाल्यांचे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांचे, हाल होतात.

पण खरा घात करतो तो ऑक्सिजन. साच्यातल्या हवेने आणि वाफेने रसाच्या पृष्ठभागावर लोहाचा ऑक्साइड तयार झाला, की सगळे गणित उलटते. हा ऑक्साइड सिलिकाला आवडीने भिजवतो, शिवाय दोघे मिळून फायलाइट नावाचे संयुग बनते. एकटी सिलिका वितळायला 1700 अंशांहून अधिक तापमान लागते, फायलाइट मात्र 1200 च्या जरा वरच वितळते. त्याच्या वाटेने लोखंड आत जाते आणि वाळू कास्टिंगला कायमची चिकटते.

म्हणूनच हिरव्या वाळूत, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, बेंटोनाइट या चिकणमातीबरोबर कोळशाची भुकटी घालतात. पैसे वाचवायला ती कमी करावी असे अनेकांना वाटते, पण मला तो मोह घातक वाटतो. भुकटीतून निघणारे वायू साच्यातला ऑक्सिजन खातात आणि कणांवर चकचकीत कार्बनचा थर बसवतात. बिडात कार्बन आधीच भरपूर असल्याने रस या थराला फारसा भिजवत नाही.

कार्बनची दुसरी बाजू भट्टीत दिसते. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीला आतून सिलिका रॅमिंग मासचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचे, अस्तर असते. 1400 अंशांच्या पुढे एका टप्प्यावर, आणि तो टप्पा बिडातल्या कार्बन-सिलिकॉनवर ठरतो, रसातला कार्बन सिलिकाचा ऑक्सिजन हिसकावून घेतो. कार्बन मोनॉक्साइड उडून जातो, सिलिकॉन रसात उतरते. रस तापवून बराच वेळ धरून ठेवला, तर कार्बन घटतो, सिलिकॉन वाढते आणि अस्तर झिजते. मँगनीज स्टील ओतणाऱ्यांना तर सिलिका वाळूच नको असते. मँगनीजचा ऑक्साइड तिला खातो, म्हणून ते ऑलिव्हिन नावाच्या वेगळ्या खनिजाची वाळू वापरतात.