बल्ब पेटला, पण अर्थिंगचे काय?

घराचे अर्थिंग, म्हणजे गळतीचा प्रवाह जमिनीत नेणारी जोडणी, तपासताना अनेक वायरमन एकच परीक्षा घेतात. शंभर वॉटच्या बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावली, बल्ब लख्ख पेटला, की अर्थिंग ‘पास’ होते. या परीक्षेने वायर कुठे तुटलेली नाही एवढेच कळते. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. त्यामुळे अर्थ वायर जोडलेल्या, जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध ५० ओहम असला, तरी २३० व्होल्टपैकी २१० व्होल्ट बल्बलाच मिळतात आणि त्याचा उजेड थोडा कमी झाल्याचे सहसा लक्षातही येत नाही. मात्र त्याच घरात उद्या फेजची वायर फ्रिजच्या पत्र्याला चिकटली, तर ५० ओहममधून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) पडणार नाही आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसेच राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो पडेल. तो तर बल्बची ही परीक्षाही होऊ देत नाही.

मग रोध मोजायचा कसा? मल्टीमीटरचे एक टोक सळईला लावता येते, पण दुसरे लावायचे कशाला, हीच खरी अडचण आहे, कारण येथे मोजायचा रोध सळईच्या धातूचा नसून तिच्याभोवतीच्या मातीचा असतो. सळईतून निघालेला प्रवाह चहूबाजूंना पसरतो. सळईलगत त्याला वाट अरुंद असते आणि दूर जावे तशी ती रुंदावत जाते. म्हणूनच तीन मीटरच्या सळईचा अर्ध्याहून अधिक रोध तिच्याभोवतीच्या पहिल्या फूटभर मातीतच असतो. खड्ड्यात मीठ-कोळसा किंवा बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी चिकणमाती) घालण्याचा उपयोग होतो तो नेमका याच ठिकाणी.

अर्थ टेस्टर हे रोध मोजण्याचे उपकरण ही अडचण दोन जादा खुंट्यांनी सोडवतो. आधी मेन स्विच बंद करून घराची अर्थ वायर सळईपासून सोडवावी लागते. हे टाळणे धोक्याचे आहे. मग एक खुंटी सुमारे ३० मीटरवर ठोकून सळई आणि ती यांच्यामधून प्रवाह सोडतात, आणि त्याच रेषेत साडेअठरा मीटरवर, म्हणजे अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर, दुसरी खुंटी ठोकून सळई आणि ती यांच्यातले व्होल्टेज मोजतात. व्होल्टेजला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. मधली खुंटी तीनेक मीटर मागेपुढे सरकवूनही आकडा फारसा हलला नाही, तरच तो ग्राह्य धरावा. तो बराच बदलत असेल, तर लांबची खुंटी सळईच्या प्रभावक्षेत्रातच आहे असे समजून ती आणखी दूर न्यावी लागते. शहरातल्या प्लॉटवर एवढी मोकळी जागा मिळणे हीच मोठी पंचाईत असते.

आकडा जास्त आला तर अनेकजण जाड सळई आणतात. गणित वेगळे सांगते. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या (माती प्रवाहाला किती अडवते त्याचे माप) मातीत १६ मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर सळईचा रोध सुमारे ३३ ओहम येतो. जाडी दुप्पट केली तर तो ३० च्या आसपास उतरतो, पण लांबी दुप्पट केली तर १९ पर्यंत खाली येतो. अर्थात मुरमाखाली लगेच कातळ लागत असेल तर लांब सळई ठोकता येत नाही. तेव्हा दोन सळया निदान एका सळईच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून जोडाव्या लागतात. शिवाय जुलैत भिजलेल्या मातीत घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. मोजणी मे महिन्यात, माती वाळून भेगाळलेली असताना, पुन्हा करावी.