काचेत प्रकाश का रेंगाळतो?

एका ग्लासात ग्लिसरीन घ्या आणि प्रयोगशाळेत असते तसली बोरोसिलिकेट काचेची कांडी त्यात हळूच सोडा. बुडालेला भाग दिसेनासा होतो. वरचं टोक मात्र जागच्या जागी, जणू कुणी कांडी मधोमध कापून नेली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा खाली काही शिल्लक आहे का, हे बोट घालून चाचपलं होतं.

कारण वेगात आहे. दोन पदार्थांच्या सीमेवर प्रकाशाचा वेग बदलला की त्यातला थोडा माघारी फिरतो आणि तिरका आलेला उरलेला प्रकाश वळून पुढे जातो. पारदर्शक वस्तूची कड आपल्याला दिसते ती यामुळेच. ग्लिसरीनमध्ये आणि या काचेत प्रकाश जवळजवळ सारख्याच वेगाने जातो, त्यामुळे डोळ्यांना पकडायला काही उरतच नाही.

निर्वात पोकळीत हा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. हवेत तो ऐंशी-नव्वद किलोमीटरनेच घटतो, म्हणजे फरक पडलाच नाही म्हणा. पाण्यात मात्र तो सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत सुमारे दोन लाखांवर आणि हिऱ्यात जेमतेम सव्वा लाखावर. पोकळीतला वेग पदार्थातल्या वेगाच्या किती पट आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक: पाण्याचा १.३३, हिऱ्याचा २.४२.

शाळेत आपण ‘विरल माध्यम’ आणि ‘घन माध्यम’ असं घोकतो आणि जड पदार्थात प्रकाश मंदावतो अशी समजूत करून घेतो. टर्पेंटाइन पाण्यावर तरंगतं, तरी त्यात प्रकाश पाण्यापेक्षा सावकाश जातो. वजनाचा इथे थेट संबंध नाही. पदार्थातले इलेक्ट्रॉन प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात, त्यावर सगळं ठरतं.

हा प्रतिसाद नेमका कसा असतो? गर्दीतून धक्के खात वाट काढणाऱ्या माणसाची उपमा नेहमी दिली जाते. मला ती पटत नाही. तो माणूस बाहेर पडतो तेव्हा दमलेला असतो. प्रकाश मात्र काचेबाहेर पडताक्षणी पुन्हा पूर्ण वेगाने निघतो आणि त्यासाठी त्याला कुणी ढकलावं लागत नाही. अणू प्रकाश गिळतात आणि थोड्या वेळाने परत सोडतात, हेही स्पष्टीकरण टिकत नाही. तसं असतं तर त्यांनी तो वाटेल त्या दिशेला सोडला असता आणि खिडकीच्या काचेतून पलीकडचं धड काही दिसलं नसतं.

खरी गोष्ट अशी, की प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लाट आहे. काचेत शिरली की ती तिथल्या इलेक्ट्रॉनना हलवते. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच्या बारीक लाटा सोडतात, त्याच तालात, पण किंचित मागून. मूळ लाट आणि या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून जी एकच लाट तयार होते, तिचे उंचवटे मागे मागे पडत जातात. काचेतला मंद प्रकाश म्हणजे ही बेरीज. काच संपली की हलवायला इलेक्ट्रॉन नाहीत, मग मागे खेचणारंही कुणी नाही. काचेतले इलेक्ट्रॉन निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जोरात साथ देतात, म्हणून निळा अधिक मंदावतो आणि लोलकातून रंग वेगळे होऊन बाहेर येतात.

पाण्यात प्रकाश मंदावतो, हे एकेकाळी उघड नव्हतं. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कण असं मानणाऱ्या न्यूटनच्या मते पाणी त्या कणांना आत ओढून घेणार, म्हणजे वेग वाढणार. लाटांच्या बाजूचे लोक म्हणत, घटणार. १८५० मध्ये फ्रान्समध्ये लेऑँ फूको यांनी गरगर फिरणाऱ्या आरशाच्या मदतीने हवेतल्या आणि पाण्यातल्या प्रकाशाची तुलना केली. पाण्यातला मागे पडला.

मंदपणाची हद्द कुठवर? १९९९ मध्ये लेने हाऊ या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिथंड सोडियमच्या अणूंमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. सायकलपटू उतारावर एवढ्या वेगाने सहज जातो.

प्रकाशाला कुणी मागे टाकू शकत नाही, हा नियम पोकळीतल्या वेगाचा आहे. पाण्यातल्या सव्वादोन लाखांना मागे टाकायला इलेक्ट्रॉनला कसलीही आडकाठी नाही. अणुभट्टीभोवतीच्या पाण्यात असे इलेक्ट्रॉन सतत धावत असतात आणि स्वनातीत विमानामागे जसा ध्वनीचा धक्का येतो, तसा त्यांच्या मागे प्रकाशाचा येतो. १९३४ मध्ये पावेल चेरेन्कॉव यांनी नोंदवलेला हा उजेड गडद निळा असतो. भट्टी बंद केली तरी तो लगेच विझत नाही. इंधनातून किरणोत्सर्ग चालू असतो, आणि पाणी बराच काळ मंद निळं राहतं.