ओटी (ओव्हरटाइम) वेगळा आणि शिफ्ट हलवल्याचे पैसे वेगळे

माझा मामेभाऊ न्यूयॉर्कला बर्गरच्या एका चेनमध्ये काम करतो. मागच्या महिन्यात त्याने पे स्टबचा, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीचा, फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, दादा, आठवड्याचे २३ तासच भरले, तरी ७५ डॉलर जास्तीचे आलेत, हा ओटी कसला? पोरगा घाबरला होता, उद्या चुकून दिले म्हणून कापून घेतील का काय.

तर तो ओटी नव्हताच. आपल्याकडे एक्स्ट्रा पैसे म्हटले की ओटीच, दुसरं काही डोक्यातच येत नाही, आणि तिकडे गेलेली आपली मंडळीही हेच डोकं घेऊन जातात म्हणून हा घोळ होतो.

ओटीचं गणित सोपंय. १९३८ पासून अमेरिकेत केंद्राचा कायदा आहे, आता आठवड्याला ४० तासांच्या वर जे काम होईल त्याला दीडपट. (आपल्या एमआयडीसीत डबल असतो, तिकडे दीडपटच.) न्यूयॉर्कमध्ये मोजणी आठवड्याची होते, दिवसाची नाही, म्हणजे एखाद्या दिवशी १२ तास उभं राहून पाय सुजले तरी आठवडा ४० च्या आत असेल तर ओटी शून्य. आणि रोस्टर (कुणाची शिफ्ट कधी याचा तक्ता) महिनाभर आधी हातात दिलेलं असो नाहीतर आदल्या रात्री, ओटीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरा प्रकार फक्त रोस्टर बघतो. न्यूयॉर्क शहराचा फेअर वर्कवीक कायदा २६ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. देशभरात ३० किंवा जास्त शाखा असलेल्या फास्ट फूड चेनला शहरातल्या कामगाराला १४ दिवस आधी रोस्टर द्यावं लागतं. त्यानंतर मॅनेजरने हात घातला की दंडासारखी रक्कम (तिला प्रीमियम म्हणतात), आणि ती कामगाराच्या खिशात जाते. तास वाढवले किंवा वेळ हलवली तर १० डॉलर, सात दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर १५. तास कापले तर जास्त लागतं, २०, सात दिवसांच्या आत ४५, आणि २४ तासांच्या आत शिफ्ट रद्द केली तर ७५. भावाचे ७५ हेच. शनिवारची पाच तासांची शिफ्ट शुक्रवारी रात्री मेसेज टाकून रद्द केली होती. म्हणजे बघा, त्याने काम कमी केलं म्हणून पैसे आले, ओटीच्या बरोब्बर उलटं! तासाला १७ डॉलर धरले तर त्या शिफ्टचे ८५ झाले असते, त्यामुळे लॉटरी वगैरे काही लागलेली नाही त्याला, दहा डॉलरचा तोटाच आहे.

अजून एक आहे, तिकडे त्याला क्लोपनिंग म्हणतात. रात्री १२ ला शटर पाडायचं आणि पहाटे साडेसहाला तेच शटर उघडायला हजर. अशा दोन शिफ्टमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर असेल तर कामगाराची लेखी परवानगी लागते आणि वर १०० डॉलर. हे रोस्टरमध्ये आधीपासून लिहिलेलं असलं तरी द्यावेच लागतात. सिएटलमध्ये मात्र २०१७ पासून असाच कायदा आहे पण तिथे १० तासांचं अंतर धरतात आणि त्या अंतरात येणाऱ्या तासांना दीडपट देतात, आता दीडपट आकडा बघितल्यावर माणूस ओटीच म्हणणार ना, त्याला तरी काय दोष द्यायचा.

खरी गंमत ओटी आणि रोस्टरचे पैसे दोन्ही एकत्र येतात तिथे. समजा रोस्टरमध्ये आठवड्याचे ३८ तास आहेत आणि आदल्या दिवशी पाच तासांची शिफ्ट वाढवली. ४० च्या वर गेलेल्या तीन तासांना १७ च्या दीडपट म्हणजे साडेपंचवीसच्या दराने साडेशहात्तर डॉलर. मग बदलाचे १५ पण मिळतील? नाही. बदललेल्या शिफ्टला ओटी द्यावा लागत असेल तर बदलाचा प्रीमियम सुटतो, अशी सूट कायद्यातच आहे. तेच रोस्टर २४ तासांचं असतं तर पाच तासांचे साधे ८५ आणि वर १५. दोन कामगारांनी आपखुशीने शिफ्ट अदलाबदल केली, कामगाराने स्वतः लेखी बदल मागितला, पूर आला, लाइट गेली, तेव्हाही प्रीमियम नाही. म्हणून मॅनेजर म्हणाला की "तूच बदल मागितलास असं लिहून दे", तर जरा थांबा, खरंच तुम्ही मागितलाय का ते बघा आणि मगच सही करा. वाढीव तासांना नाही म्हणायचा हक्क आहे.

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या एकट्यादुकट्या देशी हॉटेलात हे रोस्टरचं काही लागू नाही, ओटी मात्र लागू आहे. कपड्यांच्या वगैरे दुकानात २० किंवा जास्त माणसं असतील तर ७२ तास आधी रोस्टर द्यावं लागतं आणि त्यानंतर शिफ्ट रद्द करता येत नाही, पण तिथे हे १०, १५, ७५ वालं दरपत्रक नाही.

कायदा कागदावरच आहे असं कुणी म्हणेल, तर २०२२ मध्ये चिपोटले या फास्ट फूड चेनने शहराशी तडजोड केली ती सुमारे १३,००० कामगारांना २ कोटी डॉलर देऊन, त्यात रोस्टर आणि आजारपणाच्या रजा दोन्ही होतं.

नावं नीट माहीत असलेली बरी, कारण तक्रारीची दारं वेगळी आहेत. रोस्टरच्या पैशांसाठी शहराचं ग्राहक व कामगार संरक्षण खातं, ३११ ला फोन केला तरी चालतं, मुदत दोन वर्षं. ओटी बुडवला असेल तर राज्याचं नाहीतर केंद्राचं कामगार खातं, आणि राज्याच्या कायद्याखाली सहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं. भावाला म्हटलं, स्टबवर ही रक्कम वेगळ्या ओळीत लिहिलीय का बघ. होती.