नहर-ए-अंबरी

खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी पुरवण्यासाठी मलिक अंबरने १६१७च्या सुमारास बांधलेला भूमिगत जलमार्ग. अहमदनगरच्या निजामशाहीच्या या हबशी वजिराने १६१०मध्ये खडकीला राजधानी वसवली. जागा लष्करी सोयीची होती, पण खाम नदी बारमाही नाही आणि इथल्या काळ्या खडकातल्या विहिरींवर मोठी वस्ती पोसता येत नाही. पाण्याची तजवीज करणे भागच होते.

उत्तरेच्या डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेले पाणी खोल बोगद्यात गोळा करायचे, उताराने शहराकडे आणायचे आणि खापरी नळांतून वाटायचे, अशी ही रचना. मोट नाही, रहाट नाही. वाटेत ठिकठिकाणी ‘बंब’ उभारलेले असत. बंब म्हणजे चुन्यात बांधलेला उंच खांब. एका नळाने पाणी वर चढते, माथ्यावर त्यातली कोंडलेली हवा निघून जाते आणि दुसऱ्या नळाने ते खाली उतरते. दाब आटोक्यात राहिल्याने मातीचे नळ फुटत नाहीत. बोगद्यातला गाळ काढायला माणूस उतरेल अशी भोकेही ठेवलेली आहेत.

मुघल काळात याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या पाणचक्कीत नहरीचे पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. त्याच जोरावर जाते फिरवून फकिरांसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या पोटात मोठे दालन असून ऐन मे महिन्यातही तिथे गारवा असतो.

पाण्याची अशी सोय असल्यामुळेच गावाबाहेर पुरे वसू शकले: करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे औरंगजेबाच्या चाकरीतल्या राजपूत सरदारांची आठवण देतात. ‘बावन पुरे, बावन दरवाजे’ ही म्हण शहरात सर्वांच्या तोंडी आहे. मोजायला बसल्यास बावन भरत नाहीत. तटबंदी औरंगजेबाच्या काळात, १६८२मध्ये, उभी राहिली. अंबरचा भडकल दरवाजा त्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधीचा, म्हणजे तो तटाचा दरवाजा नव्हेच, विजयाची कमान आहे. आता त्याच्याजवळ बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा असून १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

१७६३मध्ये निजामाची (अंबरची निजामशाही वेगळी) राजधानी इथून हैदराबादला गेली आणि शहर ओसरले. दोन शतकांनी चिकलठाणा, वाळूजचे कारखाने आणि सिडकोच्या वसाहती आल्या, तेव्हा नहरींचे पाणी पुरण्यासारखे नव्हते. बांधकामे आणि रस्त्यांच्या खोदाईत त्या जागोजागी फुटल्या, काहींत सांडपाणी शिरले. आज शहराची भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे. तिथले पाणी जवळपास पन्नास किलोमीटर चढावर पंपाने ओढावे लागते. नळाला ते रोज येत नाही, आणि पंपांची वीज गेली की गल्लोगल्लीचे पाण्याचे वार बदलतात.