थंडीच्या राखणीला ट्रेल कॅमेरा घेताय? आधी एवढं बघून घ्या

भाताची सुगी संपत आली की आमच्या दुकानात दरवर्षी एकच विचारणा सुरू होते, शेतात लावायचा कॅमेरा आहे काय ओ, रात्री कोण येतंय ते बघायचंय. आमच्या खानापूर तालुक्यातनं (बेळगाव, कर्नाटक) जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा, तिकडं चंदगडच्या बाजूनं पण लोक येतात. कुणाच्या उसात डुकरं शिरलेली असतात, कुणाची रताळी एका रात्रीत उकरून टाकलेली असतात, कुणाच्या भाताच्या वळीवरनं गवे फिरून गेलेले असतात. रात्रभर माळ्यावर घोंगडं घेऊन बसायचं, पहाटे जरा डोळा लागला की तेवढ्यात नुकसान. म्हणून ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बघायला येतात आणि ते बरोबरच आहे, पण कुठलातरी कॅमेरा घेऊन चालत नाही, विशेष करून थंडीत, म्हणून हा कागद छापलाय. घरी नेऊन निवांत वाचा, घरातल्यांना पण वाचायला द्या.

पहिली गोष्ट म्हणजे हे कॅमेरे मुळात आपल्यासाठी बनलेले नाहीत. अमेरिका, कॅनडाकडं हरणाची शिकार कायद्यानं, लायसन काढून चालते, तिथले शिकारी हरणाची वाट कळावी म्हणून हे झाडाला बांधतात, म्हणून तर डब्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र असतंय. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, गवा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तेव्हा फासकी लावायला नाहीतर बंदूक घेऊन बसायला जागा शोधायची म्हणून कुणी कॅमेरा मागितला तर आम्ही देत नाही, हे स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही कॅमेरा देतो तो राखणीला.

आता थंडीचं. डब्यावर उणे २० ते ६० अंश असं छापलेलं असतंय आणि गिऱ्हाईक म्हणतंय की आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, १०-१२ अंश म्हणजे काहीच नाही. इथंच फसायला होतंय. तिकडची थंडी कोरडी, बर्फाची, आपली थंडी ओली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खानापूरच्या शिवारात जाऊन बघा, गवतावरनं चाललं की गुडघ्यापर्यंत कपडे भिजतात एवढं दव असतंय, वरनं धुकं, आणि ९-१० वाजता ऊन तापायला लागतंय. रोज गार होणं, ओलं होणं, परत तापणं. तापला की कॅमेऱ्यातली हवा फुगून झाकणाच्या रबराच्या फटीतनं बाहेर जाते, रात्री गार झाला की बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते. महिनाभर असं झालं की ढिल्या रबराच्या कॅमेऱ्यात काचेच्या आतनं वाफ धरते आणि मग सगळे फोटो दुधाळ.

हे आम्ही सोसून शिकलोय. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडनं स्वस्तातला माल आणला होता, डब्यावर वॉटरप्रूफ मोठ्या अक्षरात, आम्ही विश्वासानं विकला. जांबोटीकडचे एक काका संक्रांतीच्या आत परत घेऊन आले, महिनाभराचे शेकडो फोटो आणि एकातही जनावर ओळखू येत नव्हतं, नुसता पांढरा धूर. त्यांची रताळी तर गेलीच होती. आम्ही पैसे परत दिले पण पिकाचं काय देणार, ते मनाला फार लागलं. तेव्हापासनं नवीन मॉडेल आलं की आधी फ्रिजमध्ये घालतो. तुम्ही पण घरी करू शकता, सेल घालून कॅमेरा नीट बंद करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, खाली ठेवा. सकाळी बाहेर काढला की काचेवर वाफ येणारच, ती मऊ सुती कापडानं पुसा. पुसून गेली तर बाहेरची होती, काळजी नाही. पुसून पण आतनं धुरकट दिसली तर रबर कामाचं नाही, परत करा. डब्यावर आयपी ६६ लिहिलेलं असावं, पहिला ६ धूळ आत जाऊ देत नाही म्हणून आणि दुसरा ६ पाण्याचा जोरदार फवारा सोसतो म्हणून, पण छापलेल्यापेक्षा फ्रिजवर आमचा भरवसा जास्त.

दुसरं दुखणं सेलचं. बहुतेक कॅमेऱ्यात ८ पेन्सिल सेल बसतात. साधे अल्कलाइन सेल गारठले की आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज उतरतं. आपल्या थंडीत ते मरत नाहीत, पण थंडीतली रात्र जवळजवळ १३ तासांची आणि रात्री प्रत्येक फोटोला इन्फ्रारेडचा फ्लॅश मारावा लागतो, त्यालाच सगळ्यात जास्त करंट लागतो. म्हणून गिऱ्हाईक येऊन सांगतात की दिवसाचे फोटो मस्त येतात, रात्रीचे काळेकुट्ट, कॅमेरा बिघडला. बऱ्याच वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो ओ, सेल दमलेले असतात, दिवसा फ्लॅश लागत नाही म्हणून काम चालतंय. आधी नवीन सेल घालून बघा, मग आमच्याकडं या. जुने आणि नवे सेल मात्र कधीच एकत्र घालू नका.

सगळ्यात चांगले दीड व्होल्टचे लिथियम सेल, ते उणे ४० पर्यंत चालतात, हलके असतात आणि गळत सहसा नाहीत. पण किंमत अल्कलाइनच्या कितीतरी पट, आणि एक खोड अशी की शेवटपर्यंत सेलची पट्टी फुल्ल दाखवते आणि मग एका रात्रीत बंद. बर्फात राहणाऱ्याला त्याशिवाय इलाज नाही, आपल्याला एवढा खर्च करायची गरज आहे असं मला वाटत नाही. आपल्या थंडीला चांगल्या प्रतीचे चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल पुरतात, गारठ्यात ते अल्कलाइनपेक्षा बरे टिकतात आणि पुन्हा पुन्हा चार्ज होतात. फक्त ते १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे ८ मिळून १२ च्या जागी ९.६ होतात, आणि काही कॅमेरे तेवढ्यावर चालू होतात पण रात्री माघार घेतात. म्हणून तुमच्या मॉडेलला चालतात काय ते आम्हाला विचारूनच घ्या. सोलर प्लेट जोडायची असेल तर सावलीत काजूखाली टांगू नका, उन्हात पाहिजे, लांब वायर घेऊन बांधावर लावा.

मेगापिक्सेलच्या मागं लागू नका. ३६, ४८ असे आकडे डब्यावर असतात, पण आतला सेन्सर बऱ्याचदा काही थोड्या मेगापिक्सेलचाच असतो, बाकीचं फोटो ताणून केलेलं असतंय, फाईल मोठी होते आणि कार्ड लवकर भरतं एवढंच. त्यापेक्षा ट्रिगर बघा, म्हणजे जनावर समोर आल्यापासनं फोटो निघायला किती वेळ. अर्ध्या सेकंदाच्या आत पाहिजे. एक-दीड सेकंद लागला की पळत्या डुकराची शेपूटच मिळते. एक फोटो झाल्यावर दुसरा कधी निघतो तेही बघा, डुकरं कळपानं येतात, पहिली मादी दिसते आणि मागची आठ-दहा दिसतच नाहीत असं व्हायला नको.

जनावर ओळखायचं काम पीआयआर सेन्सर करतो, तो आजूबाजूपेक्षा गरम असलेलं काहीतरी हललं की जागा होतो. म्हणजे थंडी इथं आपल्या बाजूची आहे, गार रानात गरम अंगाचं जनावर उठून कळतंय, एप्रिलच्या दुपारी हवाच अंगाएवढी तापते तेव्हा तो चुकतो. पण दाट धुक्यात त्याचा पल्ला कमी होतो आणि फ्लॅशचा उजेड धुक्यावर आपटून परत येतो. डब्यावर २५ मीटर लिहिलं असलं तरी वाट ५-६ मीटरवर येईल अशी जागा धरा. खालची दुधी रंगाची प्लास्टिकची खिडकी म्हणजेच तो सेन्सर, त्यावरचं दव पण पुसत जावा, लोक फक्त काच पुसतात. आणि दवापासनं वाचावा म्हणून कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधणं, काचेच्या पेटीत ठेवणं हे करू नका. काचेतनं सेन्सरला उष्णता कळतच नाही, पिशवीत ओल कोंडते आणि फ्लॅश पिशवीवरच चमकतो. वर पत्र्याचं नाहीतर नारळाच्या झावळीचं छोटं छप्पर करा, दव वरनं पडत नसलं तरी उघड्या आभाळाखाली गार झालेल्या वस्तूवर ते जास्त धरतंय, छपरानं खूप फरक पडतो.

फ्लॅश दोन तऱ्हेचे येतात. ८५० नॅनोमीटरचा (हा उजेडाच्या लहरीच्या लांबीचा आकडा) लांब पोचतो पण रात्री कॅमेऱ्यावर लालसर ठिपके दिसतात. ९४० चा अजिबात दिसत नाही पण कमी लांब जातो. चोराची भीती असेल तर ९४० घ्या, डोंगराच्या कडेला एकट्या शेतात असेल तर ८५० चालतंय. दोन्हीत रात्रीचा फोटो काळा-पांढराच येणार, रंगीत का नाही म्हणून भांडायला येऊ नका.

लावताना तोंड उत्तरेकडं करा, थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, दक्षिणेला किंवा पूर्वेला तोंड केलं की सकाळच्या उन्हानं फोटो पांढरे पडतात. डुकराला दोन-अडीच फूट उंची बास, गव्याला चार. वाटेला आडवं तोंड न करता तिरकं लावा, जनावर जास्त वेळ समोर राहतं. पुढचं गवत कापा, नाहीतर ऊन पडल्यावर हलणाऱ्या पात्याचे हजार फोटो बघत बसायला लागेल. हत्तीची वाट असेल तर बाजूच्या जाड झाडाला उंचावर, खाली वाकवून लावा, हत्ती कॅमेरा सोंडेनं ओढून काढतो.

सिमवाला, म्हणजे फोटो मोबाईलवर पाठवणारा कॅमेरा घेणार असाल तर आधी शेतात जाऊन मोबाईलला ४जी रेंज येते काय बघा. कणकुंबीकडं बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तिथं हा कॅमेरा सिग्नल शोधत सेल खाऊन टाकतो, साधा कार्डवाला बरा. परदेशातनं पाहुण्याकडनं मागवू नका, अमेरिकेचे बरेचसे बँड (मोबाईलच्या लहरींचे पट्टे) वेगळे, आपल्याकडं ३, ५, ४० असे बँड चालतात, ते त्यात नसले तर सिम घालून काही उपयोग नाही.

कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावा. जंगलात, आणि भीमगड तर २०११ पासनं अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय बांधायचा नाही. ओढ्यावर, विहिरीवर बायका धुणं धुवायला येतात तिकडं तोंड करू नका, ही आमची हात जोडून विनंती आहे.

तारीख आणि वेळ पहिल्याच दिवशी बरोबर भरा, आम्ही भरून देतो. नुकसानभरपाईच्या अर्जाला उतारा आणि पिकाच्या फोटोबरोबर तारीख-वेळ असलेला जनावराचा फोटो जोडला की बोलायला आधार होतो. अर्ज कन्नडात लिहायला अडचण असेल तर दुकानात सांगा, आम्ही मदत करतो. आणि आठवडाभराचे फोटो बघितले की जनावर कुठल्या बांधावरनं किती वाजता येतंय ते कळतं, मग सगळी रात्र न जागता तेवढ्या वेळात बॅटरी मारा, डबा वाजवा, झटका मशीनची (जनावराला हलका झटका देणाऱ्या कुंपणाची) तार तिथं ओढा. तारेत लाईनचा डायरेक्ट करंट कधीही सोडू नका, त्यानं माणसं मेलीत. गवा नाहीतर अस्वल फोटोत दिसलं तर एकट्यानं हाकलायला जाऊ नका, वनखात्याला कळवा.

दुकानात येताना जागेचा मोबाईलवर एक फोटो काढून आणा आणि तिथं कुठल्या सिमची रेंज आहे ते बघून या. जुना कॅमेरा असला तर तोही आणा, आमच्याकडनं घेतलेला नसला तरी चालतंय, रबर आणि सेलचे पत्रे बघून साफ करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.